केळीच्या खोलीतली स्कझी

बाबुराव महाजनांच्या केळी पिकवायच्या खोलीचा संगणक मंगळवारी सकाळी बंद पडला. खोलीत तीनशे क्रेट हिरवी केळी होती आणि शुक्रवारी इंदूरची गाडी येणार होती. जैनाबादच्या घराशेजारची ही खोली बाबुरावांनी सगळ्या यंत्रांसकट जुनी विकत घेतली होती. गार हवा, केळी पिकवायचा गॅस, पंखे सगळं संगणकच सांभाळतो, असं विकणाऱ्यानं त्यांना बजावून सांगितलं होतं.

त्यांनी नदीपलीकडे निरंजन देवऱ्यांना फोन लावला. देवरे कागद कारखान्यात यंत्रांची मापकं सांभाळायचे. निवृत्त झाल्यापासून दोन वर्षांत त्यांना कुणी काही दुरुस्त करायला बोलावलं नव्हतं. घरच्या मिक्सरला तर हात लावायचीच बंदी होती. अर्ध्या तासात ते स्कूटरवर हजर झाले.

झाकण उघडलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बाबुराव, यात स्कझी डिस्क आहे, जुन्या जमान्यातली!"

"खराब चीज आहे का?"

"खराब? अहो, आता अशी बघायला मिळत नाही!"

"मतलब, बाजारात पण मिळणार नाही," बाबुराव खाली बसत म्हणाले.

डिस्क पार गेली होती. पण देवऱ्यांकडे तशीच एक, कारखान्याच्या भंगारातून घेतलेली, पंधरा वर्षं टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवलेली होती. तिच्यावर ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची, मग खोलीचा प्रोग्राम. "दोन तासांचं काम," देवरे म्हणाले.

डिस्क पिठाच्या चक्कीसारखी घरघरली. पडद्यावर यादी आली. यादीत सात डिस्क होत्या.

"सात?" बाबुराव हरखले. "आपण तर एकच लावली ना? राहू द्या की बाकीच्या पण."

देवऱ्यांनी चष्मा वर सरकवला. संध्याकाळपर्यंत त्यांना भानगड उमगली. स्कझीच्या केबलवर जोडलेल्या प्रत्येक वस्तूला वेगळा नंबर लागतो. डिस्क जिथं जोडतात त्या कार्डाचा नंबर सात, आणि डिस्कवरही सातच लावलेला.

"त्यामुळे कुठल्याही नंबरला हाक मारली की हीच ओ देते."

"आमचे सरपंच बी बराबर असेच आहेत," बाबुराव म्हणाले.

डिस्कवर नंबर ठरवणाऱ्या तीन इवल्या टोप्या होत्या. बुधवारी सकाळी देवऱ्यांनी त्या चिमट्यानं काढल्या आणि सातातली एकच डिस्क उरली. काम सुरू झालं. एकतीस टक्क्यांवर अडलं. पुन्हा सुरू केलं, बारावर अडलं. बाबुराव दाराच्या काचेतून आत डोकावून आले.

"साहेब, केळी तुमच्यापुढे चालली. पिवळी पडू लागली."

"टर्मिनेटर!" देवरे एकदम ओरडले. "केबलच्या टोकाला बूच लागतं. नाही तर निरोप टोकापर्यंत जातो आणि आपटून परत येतो."

बूच घरी होतं. देवरे पूल ओलांडून घरी आले, कपाट उपसलं, माळा उपसला. शेवटी त्यांच्या पत्नीनं, रंजिताबाईंनी, विचारलं, "काळं, चपटं, दातांचं? ते खिडकीत खुपसलंय मी. खडखड करायची ना."

देवऱ्यांनी ते उपसलं. खिडकी खडखडू लागली. तिथंही ते तेच काम करत होतं, याचं देवऱ्यांना मनापासून कौतुक वाटलं.

गुरुवारी दुपारी पडद्यावर शंभर टक्के झाले. खोलीचा प्रोग्राम उघडला, तापमानाचा आकडा झळकला. बाबुरावांनी छातीवर हात ठेवून खोलीचं दार उघडलं.

केळी एकसारखी पिवळी होती. एका फणीवर डाग नव्हता.

"मानलं साहेब!" बाबुरावांनी देवऱ्यांना मिठीच मारली. "काय कंप्यूटर बनवला!"

देवरे प्रामाणिक माणूस. त्यांनी घड्याळ पाहिलं. "बाबुराव, हा चालू होऊन अकरा मिनिटं झाली. अकरा मिनिटांत केळी पिकत नाहीत."

बाबुरावांच्या पत्नी ताराबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कप ठेवले आणि संगणकामागून पंख्या-गॅसकडे जाणाऱ्या वायरचं टोक उचलून दाखवलं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं.

"मागच्या दिवाळीला उंदरानं कुरतडली ही. तेव्हापासून पंखा, गॅस मीच करते, मागच्या खटक्यांनी."

"मग बोलली का नाही?" बाबुराव ओरडले.

"बोलले होते. तुम्ही म्हणाले, कंप्यूटरच्या कामात पडू नको. आता या भाऊंचं तर इतकं मन लागलं होतं, म्हटलं करू द्या."

देवरे खुर्चीवर टेकले. पंधरा वर्षं जपलेली डिस्क समोर घरघरत होती. मग हळूहळू त्यांच्या डोळ्यांत चमक आली. त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला.

"वहिनी, वायर मी जोडतो. तुम्ही फक्त सांगा. गॅस कधी सोडायचा, दार कधी उघडायचं, हे कशावरून ठरवता?"

ताराबाईंनी थोडा विचार केला.

"वासावरून."

अंधार पडला तरी देवरे घरी निघाले नाहीत. प्रोग्राममध्ये तापमानाचा रकाना होता, वेळेचा होता, दमटपणाचा होता. ते एकेक पान उघडून वासाचा रकाना शोधत होते.