चौथ्या पातळीवरची शिवी

आमच्या कारखान्यातल्या पाण्याच्या पंपाला त्रेसष्ट भाग लागतात आणि त्यांतला एक भाग म्हणजे शिवी. पंपाच्या पोटात मोटर, मोटरच्या पोटात रोटर, रोटरवर बेअरिंग आणि बेअरिंगबरोबर शिवी, एक नग. पार्ट लिस्टमध्ये ती चौथ्या पातळीवर येते. ड्रॉइंग नंबर शि-०४. शब्द मी इथं लिहिणार नाही, माझ्या घरी सासूबाई वाचतात. मागं एकदा गडहिंग्लजला चुकून बिनशिवीचा पंप गेला होता. तिसऱ्या दिवशी परत आला. उघडून बघितला तर बाकीचे बासष्ट भाग आतच, पण बेअरिंग जागेवरून सुटलेलं, आणि पंप ढिम्म.

मी शैला कुंभोजकर. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत या कारखान्याचा नियोजन विभाग सांभाळते. सांभाळते म्हणजे विभागात मी एकटीच आहे. ऑर्डर आली की पंप कागदावर उघडायचा, एकेक पातळी खाली उतरत जायचं, तळाला काय काय लागतं ते काढायचं, गोदामातली शिल्लक वजा करायची आणि उरलेलं वेळेत मागवायचं. एकोणीस वर्षं हेच करतेय. शि-०४ची मला कधी काळजी करावी लागली नाही, कारण ती घरचीच होती. असेंब्लीच्या दौलूमामा मगदुमांनी बेअरिंग हातात घेतलं की तयार व्हायची.

जानेवारीत दौलूमामांच्या नातीचं जावळ झालं. रेवू दीड वर्षाची, तोवर एक शब्द बोलली नव्हती. आईच्या भावाच्या मांडीवर बसली, न्हाव्यानं पहिली बट कापली आणि पोरगी आयुष्यात पहिल्यांदा बोलली. शि-०४. ड्रॉइंगप्रमाणे, अगदी स्वच्छ. पाहुण्यांचे घास हातातच राहिले. पाहुणे पांगल्यावर दौलूमामांची सून प्रणाली त्यांना एवढंच म्हणाली, "आण्णा, इथनं पुढं तुमच्या तोंडातनं एक जरी शिवी निघाली, तर मी रेवूला घेऊन माहेरी जाणार. परत यायची न्हाई."

सोमवारी सकाळी दौलूमामा माझ्या टेबलाशी उभे राहिले.

"बाई, शिवी बंद."

"बंद म्हणजे? मामा, दोनशे चाळीस पंपांची ऑर्डर आहे. वीस गावांची पाणी योजना. एकतीस तारखेला माल जायचाय."

"व्हय की. पर नात गेली तर मी घरात कुणाशी बोलू? भिताडाशी?"

मला फार वाईट वाटलं. कॉम्प्युटरला काही वाटत नाही. त्यानं छापून दिलं: शि-०४, गरज दोनशे चाळीस, शिल्लक शून्य.

कागद घेऊन मी वर्क्स मॅनेजर किणीकर साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "बाई, आधी चहा सांगा." चहा सांगून आल्यावर म्हणाले, "घरात नाही ना? मग बाहेरून मागवा."

मागवल्या. पुण्याच्या शिव्या व्याकरणाला निर्दोष होत्या, पण दर तिसऱ्या नगात 'कृपया' निघालं. सोलापूरचा माल खणखणीत होता, पण शिवी ताजी लागते आणि ट्रक दीड दिवस वाटेतच उभा होता. आमच्याच कामगारांच्या तपासल्या. त्यांतली तर एकही चालेना. आमच्याकडं माणूस मित्राला हाक मारतो तीच शिवीनं. प्रेमानं वापरून वापरून सगळ्यांचे आटे गेलेले. एकालाही राग म्हणून नव्हता. सगळा माल नापास करून परत पाठवला.

तेव्हा मी एक पातळी खाली उतरले. शिवीला राग लागतो, म्हणजे पाचवी पातळी राग. रागाला कारण लागतं, म्हणजे सहावी पातळी कारण. राग दौलूमामांकडं होता की नाही ठाऊक नाही, पण कारणं तर आम्ही पुरवू शकत होतो! वेळापत्रक शेवटाकडून उलटं बांधलं. शिवी आठ सेहेचाळीसला हवी, तर राग आठ पंचेचाळीसला, पाना लपवायचा आठ चाळीसला, गार चहा साडेआठला.

चहा वेळेवर गेला. दौलूमामा म्हणाले, "गारच बरा, जीभ भाजत न्हाई." पाना दिसेना तेव्हा म्हणाले, "घावंल की." बुधवारी मी त्यांच्या सायकलची हवा सोडायला लावली. याची मला आजही लाज वाटते. गुरुवारी ते पाच किलोमीटर चालत आले आणि म्हणाले, "लई दिसांनी चाललो, बरं वाटलं." राग येत नव्हता असं नाही. कानशिलं लाल व्हायची, ओठ थरथरायचे, आणि ऐन वेळी तोंडातून निघायचं, "रेवू." बेअरिंग टुणकन बाहेर यायचं. शुक्रवारी ते बेअरिंग मांडीवर घेऊन बसले आणि माझ्यादेखत रडले.

एकतीस तारीख उजाडली, दोनशे चाळीस पंप बेअरिंगपाशी अडलेले, तयार पंप शून्य. दुपारी किणीकर साहेब स्वतः असेंब्लीत आले.

"मगदूम, तुमच्या नातीला येते ना शिवी?"

दौलूमामांनी बेअरिंग उचलून रोटरवर घट्ट धरलं.

"मग पुरवठादार म्हणून तिचीच नोंद करू. अजून बोबडी असेल तर तपासणीत थोडी सूट देऊ. बाई, मुलीच्या नावानं ऑर्डर काढा, जीप पाठवून तिला आणवा. आणि जाताजाता चहा सांगा."

दौलूमामांनी तोंड उघडलं. आत काय तयार झालंय ते मला दिसत होतं, आणि ते बाहेर पडलं असतं तर संध्याकाळी त्यांच्या घरात पोर राहिली नसती. मी त्यांच्या पुढं जाऊन उभी राहिले आणि किणीकर साहेबांना शि-०४ घातली.

बेअरिंग टक्कन बसलं.

दौलूमामांनी बटण दाबलं. पंप फिरला. मामांनी यंत्रं पुसायच्या कापसाचा बोळा पोत्यातून काढून दोन्ही कानांत घातला, कानांवर पडलेलं घरी जाऊ नये म्हणून, आणि दुसरं बेअरिंग उचललं. मी दुसरी दिली. एकोणीस वर्षांची बढती, जी कधी मिळाली नाही. माझी खुर्ची, जी पाहुण्यांना दिली. मी केलेलं नियोजन, जे साहेबांनी मुंबईच्या मीटिंगमध्ये स्वतःचं म्हणून वाचलं. आणि चहा, चहा, चहा! एकही नग दुसऱ्यासारखा नव्हता, पण सगळे ड्रॉइंगप्रमाणे होते. साहेब समोर उभे राहून मोजत होते. साडेपाचला दोनशे चाळिसावा पंप ट्रकवर चढला.

मी दर महिन्याला अख्ख्या गोदामाची मोजणी करते. स्वतःची कधी केली नव्हती, एवढीच चूक. साठा होता, नोंद नव्हती.

रेवू घरीच आहे. परवा ती दुसरा शब्द बोलली: "आजा." दौलूमामांनी सगळ्या खात्यात पेढे वाटले, मला दोन दिले.

ट्रक गेल्यावर किणीकर साहेबांनी काळजीनं विचारलं होतं, "बाई, पुढच्या ऑर्डरला पुरेल ना माल?"

"साहेब, तुम्ही आहात तोवर कमी पडायचा नाही."

त्यांना हायसं वाटलं. त्यांनी कॉम्प्युटरवर शि-०४ समोर माझं नाव घातलं, मागवल्यापासून मिळेपर्यंतचा वेळ शून्य लिहिला आणि खुर्चीत मागं रेलून म्हणाले, "चला, काम झालं. बाई, चहा सांगा."

पुढच्या ऑर्डरचा पहिला नग तिथंच तयार झाला.