आम्ही मनोऱ्यापाशी आहोत

डाव्या पायाचा एक रबरी बूट.

क्रौंचांची जोडी धुक्यात ओरडली, की ती पुढे आहे का मागे, काही कळत नाही.

शेजारच्या सालमेशी लेहतेने बोलणं टाकलं, त्याला आता बरीच वर्षं झाली.

दलदलीतल्या शेवाळावर रानमेव्यातले मुराक पिकून केशरी झाले, की आमच्याकडचा माणूस सख्ख्या भावाला घराची किल्ली देईल. मुराकांची जागा सांगणार नाही.

"मदत केंद्र. नेमके कुठे आहात तुम्ही?"

सुरुवात न्याहारीच्या टेबलावर झाली. "दलदलीत जाऊन येते जरा, पक्षी बघायला," लेहते म्हणाली. दर जुलैत ती हेच म्हणे आणि पेपरामागून तिचा नवरा एंडेल "हं" म्हणे. पण या वेळी टेबलाशी तार्वी होता. लेकीचा, काइसाचा, टालिनमधला मित्र. काइसा अजून अंथरुणात होती आणि होऊ घातलेल्या सासूला खूश कसं करावं, या विवंचनेत तो काळ्या पावावर तिसऱ्यांदा लोणी लावत होता. शिवाय त्याच्याकडे खरीखुरी दुर्बीण होती.

"पक्षी? काकू, मीपण येतो!"

"डास फार आहेत रे."

"मला चावत नाहीत."

"चिखल आहे."

"काकांचे बूट घालतो."

"ने की त्याला," पेपर म्हणाला. "चांगलं लांबवर फिरवून आण. घाई नको."

मुराकांसाठी लपवून ठेवलेली लेहतेची बादली पडवीतच राहिली.

तिने मनाशी ठरवलं: फळ्यांच्या वाटेने सरळ जायचं, काळ्या पाण्याची डबकी दाखवायची, परत आणायचं. उजवीकडे बघायचं नाही. उजवीकडे, खुरट्या पाइनांच्या पलीकडे, तिच्या आईने मरताना कानात सांगितलेली जागा होती.

फळीवर एक साप ऊन खात पडला होता. तो आपणहून उतरेपर्यंत दोघं थांबली. तार्वीने माश्या खाणाऱ्या इवल्या रोपाचा फोटो काढला. लेहतेला जरा हायसं वाटलं, आणि तेवढ्यात शीळ आली. उजवीकडून.

"सोनचिखल्या!" तार्वी फळीवरून उतरून पळत सुटलासुद्धा.

"तिकडे नको! तिकडे काही नाहीये!"

ती इतक्या जोरात ओरडली, की तिकडे काहीतरी आहे हे लांबच्या हरणालाही कळलं असतं. मागोमाग धुकं उतरलं. मऊ शेवाळावरून धपाधप पाय टाकत ती पोचली, तेव्हा तार्वी मांडीपर्यंत आत होता.

"काकू, पाय टेकत नाहीये."

लेहतेने आधी आजूबाजूला पाहिलं. हीच ती जागा. अर्धी केशरी, अर्धी खुडलेली. देठ ताजे होते. दरवर्षी तिच्या आधी कोणीतरी इथे येऊन जाई आणि ते कोण, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सालमे! म्हणजे ती आत्ताही इथेच असणार. ऐकत असणार.

"वाचवाऽऽ!"

"ओरडू नकोस!"

"काकू, मी बुडतोय!"

"सावकाश बुडतोयस. हळू बोल."

तिने त्याचे हात धरून ओढलं. तो तसूभर वर आला आणि वीतभर खाली गेला. आता मात्र काइसाला काय सांगायचं? तार्वीचा फोन खिशात होता आणि खिसा पाण्याखाली. तिने आपला जुना बटणांचा फोन काढून मदत केंद्राला लावला.

"नेमके कुठे आहात तुम्ही?"

लेहतेने मुराकांकडे पाहिलं. मग तार्वीकडे. मग पुन्हा मुराकांकडे.

"टेहळणीच्या मनोऱ्यापाशी."

"काकू, मनोरा तर पार दुसऱ्या टोकाला..."

"कोण बोलतंय मागे?" केंद्रातल्या बाईने विचारलं.

"पक्षी."

"बरं. गावातले स्वयंसेवक लगेच निघतील."

फोन बंद झाला. लेहते विचार करत होती, की मनोऱ्यापाशी आलेल्या माणसांना कोणत्या बहाण्याने, डोळे न बांधता, इकडे आणता येईल. तेवढ्यात पाइनांच्या मागे, अगदी जवळ, कुणाचा तरी फोन वाजला.

"हो," एक खर्जातला आवाज म्हणाला. "मनोऱ्यापाशी? नाही नाही, घरीच आहे मी. पेपर वाचतोय. निघालोच."

लेहते आवाजाच्या दिशेने वळली.

"एंडेल," लेहते म्हणाली. मोठ्याने नाही.

बराच वेळ कोणी आलं नाही. मग धुक्यातून आधी भरलेली बादली आली आणि तिच्यामागे, पायांना रुंद जाळीच्या दलदली चपला बांधलेला एंडेल.

"तू इथे कसा?"

"तुम्हाला वाचवायला."

"बादली घेऊन?"

"पाणी उपसायला."

"दलदलीतलं?"

एंडेलने बादली पाठीमागे लपवली. आता लपवून उपयोग नव्हता.

"माझ्या आईची जागा आहे ही!"

"माझ्या आजोबांची आहे!"

"आणि मी त्या बिचाऱ्या सालमेशी बोलणं टाकलं!"

"मला पण वाटायचं, उरलेले सालमेच नेते."

"काका, काकू," तार्वी म्हणाला. "पट्ट्यापर्यंत आलंय."

एंडेलने चपला सोडून शेवाळावर पसरल्या. तार्वीला त्यांवर पालथं पडायला लावलं, आणि दोघांनी दोन हात धरून, एकमेकांकडे न बघता, त्याला ओढलं. मोठा पचाक आवाज झाला. तार्वी आला, बूट राहिला.

"माझा होता तो," एंडेल म्हणाला.

तेवढ्यात लेहतेचा फोन वाजला. मनोऱ्यापाशी अख्खी तुकडी हाका मारत फिरत होती. "कोणीच दिसत नाहीये! नेमके कुठे आहात?"

लेहतेने एंडेलकडे पाहिलं. दोघांनी तार्वीकडे पाहिलं. त्याने हात पुढे केला आणि फोन घेतला.

"सुटलो आम्ही," दात वाजत असताना तो म्हणाला. "माफ करा, उगाच धावपळ झाली. कुठे होतो ना... धुकं होतं हो. काही कळलंच नाही."

लेहतेने अंगावरचा स्वेटर काढून त्याच्या खांद्यांवर घातला.

"लग्न कधी करताय?" एंडेलने विचारलं.

"अं? अजून काइसाला विचारलं नाहीये मी."

"पुढच्या जुलैच्या आत करा," लेहते म्हणाली. "बाहेरच्या माणसाला ही जागा माहीत असून चालायचं नाही."

लग्नाआधी, गावच्या झोपाळ्यापाशी दोघं पहिल्यांदा नाचली त्या संध्याकाळी, एंडेलने लेहतेला सांगितलं होतं, की त्याला मुराक आवडत नाहीत.