विहीणबाई, वजन किती?

विहीण पहिल्यांदाच जर्मनीत आली, तर व्याह्यांनी काय विचारावं? प्रवास कसा झाला, चहा घेणार की कॉफी. आमच्या मुकुंदरावांनी बॉबलिंगेनच्या घराचं दार उघडलं, माझी बॅग चपलांच्या कपाटाशेजारच्या वजनकाट्यावर ठेवली आणि म्हणाले, "बावीस किलो. आणि विहीणबाई, तुमचं वजन किती?"

मी तेव्हा त्रेसष्ट वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायची होती. केस रंगवलेले, आयुष्यातली पहिली जीन्स चढवलेली, आणि मुलीची बाजू कुठे कमी पडू नये ही धडपड. "साठ," मी ठोकून दिलं. खरे होते चौसष्ट.

मुकुंदरावांनी वहीत काहीतरी लिहिलं. "गेनाऊ, अगदी बरोबर. हवेत खोटं चालत नाही, म्हणून विचारलं."

'हवेत खोटं चालत नाही' हे त्यांचं पालुपद. टीव्हीवर मंत्री बोलला तरी हेच, भाजीवाल्याने टोमॅटो ताजे म्हटले तरी हेच. चाळीस वर्षांपूर्वी मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले आणि इथलेच झाले. आल्प्सच्या पायथ्याशी हौशी वैमानिकांचं एक फेराइन आहे, म्हणजे मंडळ. त्यांचं सत्तर वर्षांचं दोन सीटचं विमान, हा मुकुंदरावांचा दुसरा संसार. पहिल्या संसारातल्या सुमनताई तीन वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून ते एकटेच उडायचे. एकटे म्हणजे, पुढच्या सीटवर वाळूची पिशवी पट्ट्याने बांधून. "बॅलन्ससाठी," म्हणायचे. मंडळातले लोक माझ्या केतकीला म्हणाले होते, या विमानाला पिशवी लागतच नाही. पण सासऱ्यांना सांगणार कोण?

"आई, बाबा तुला विमानातून नेणार म्हणतायत," केतकीने मला स्वयंपाकघरात गाठलं. "सासूबाईंनंतर त्या सीटवर त्यांनी कोणालाही बसवलेलं नाही. नाही म्हणू नकोस, प्लीज."

मी हो म्हटलं. इतकंच नाही, पुण्याच्या भिशीतल्या बायकांना फोन करून सांगूनही टाकलं. आता माघार नव्हती.

जानेवारीतली सकाळ, उणे नऊ. विमान पाहिलं. इंजिनावर चक्क गोधडी पांघरलेली. "थंडीत त्याला खोकला होतो," मुकुंदराव म्हणाले. पंखाला बोट लावलं तर ते कापड निघालं. चाकांच्या जागी बर्फावर घसरायच्या पट्ट्या. मुकुंदरावांनी पिशवी अलगद उचलून बाकावर ठेवली, तिच्या जागी मला कोंबलं आणि स्वतः मागे बसले. मंडळातल्या एका गृहस्थाने विमानाच्या नाकावरचा पंखा हाताने फिरवला, आणि सुटलो.

म्हणजे पाहा, माझ्यापुढे चालक नाही, नुसता डोंगर. माझ्या गुडघ्यांमध्ये एक दांडा आपोआप हलतोय. खाली गोठलेलं तळं, काड्यापेटीएवढी घरं. समोर पांढरीशुभ्र भिंत, आणि ती मोठी मोठी होत चाललेली. अरुंद दरीत शिरलो तेव्हा दोन्ही बाजूंच्या कड्यांवरचे हिमाचे लोलक मला मोजता येत होते. तेवढ्यात इंजिन खोकलं. एकदा. दोनदा.

माझी खात्रीच पटली. विमान वर चढत नाहीये, कारण चार किलो. माझे चार किलो! मी एकटीच मरणार असते तर गप्प बसले असते.

"मुकुंदराव!" मी हेडफोनमध्ये किंचाळले. "मी खोटं बोलले! साठ नाही, चौसष्ट!"

कानात नुसती खरखर.

"पर्समध्ये डिंकाच्या लाडवांचा डबाही आहे! फेकू का खिडकीतून?"

"खबरदार!" मागून आवाज आला. "लाडू माझे आहेत. आणि वहीत चौसष्टच लिहिलंय."

"म्हणजे?"

"सुमन तीस वर्षं चोपन्न सांगत आली. मी प्रत्येक वेळी अठ्ठावन्न लिहिलं. तुम्ही बायका चार किलो खाता, एवढं कळलंय मला. तिला मात्र कधी कळू दिलं नाही." मग विमान वळवत, "डावीकडे बघा. या वळणावर ती नेहमी डोळे मिटायची."

मी डोळे मिटलेलेच होते. उघडले. उन्हात डोंगरांची सगळी रांग गुलाबी झाली होती. भीती कमी झाली असं नाही. पण माझ्या मागे बसलेला माणूस इतकी वर्षं कोणाची तरी भीती सांभाळत इथून गेलाय, हे कळलं, आणि मी दांड्यापासून पाय आवरून नीट बसले.

उतरल्यावर मी बाकावर टेकले, तर शेजारी ती पिशवी. तिच्यावर काळ्या शाईत मराठी आकडे लिहिलेले: ५४.

"आणि आत किती आहे?" मी विचारलं.

"अठ्ठावन्न." त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी उचलली, पुढच्या सीटवर ठेवली, पट्टा लावला, जरा सैल केला.

"मग हे? तुम्हीच ना म्हणता, खोटं चालत नाही?"

"हवेत चालत नाही, विहीणबाई," मुकुंदराव गोधडी इंजिनावर पांघरत म्हणाले. "जमिनीवर चालतं."