मेयरची गल्ली शेवटी

हुदाकसाहेबांनी निळा सूट चढवला, टायची गाठ दोनदा सोडून तिसऱ्यांदा मनासारखी बांधली, आभाराचं भाषण खिशात घातलं आणि घराबाहेर पडायला दार ढकललं, तर दार हलेना. बाहेरून बर्फाने रेटून धरलं होतं. खांदा लावून त्यांनी ते वीतभर उघडलं आणि फटीतून पाहिलं. टॅनरी लेन नावाची गल्ली काल संध्याकाळपर्यंत जागेवर होती, आता तिथे नुसतं पांढरं मैदान होतं. त्यांच्या गाडीचा एक आरसा तेवढा ढिगातून कानासारखा बाहेर आला होता.

आजचा दिवस साधा नव्हता. दुपारी दोन वाजता राजधानीत, राज्याच्या सेनेटमध्ये, त्यांचा सत्कार होता. एमिल हुदाक हे सव्वीस वर्षं केसलरव्हिल गावाचे मेयर होते आणि जवळजवळ तितकीच वर्षं राज्याचे सेनेटर. एका माणसाने अशा दोन खुर्च्या अडवू नयेत, असा कायदा राज्याने मध्यंतरी केला. पण आधीपासून जे दोन्हीकडे बसलेले होते त्यांना हात लावायची कुणाची छाती झाली नाही. त्यांच्यासाठी एक खास कलम घातलं गेलं. बसलात तोवर बसा. मात्र एकदा का एका खुर्चीवरून उठलात, की दोन्ही पुन्हा एकत्र मिळायच्या नाहीत. ते कलम हुदाकसाहेबांनीच घातलं होतं. बाकीचे मानकरी एकेक करून मेले, हरले नाहीतर निवृत्त होऊन फ्लोरिडाला गेले. आता सबंध राज्यात दोन खुर्च्यांचे धनी हे एकटेच उरले होते आणि त्याबद्दलच आज पितळी पाटी मिळायची होती.

एरवी अधिवेशन असलं की साहेब रविवारीच राजधानीतलं हॉटेल गाठत आणि शुक्रवारी परतत. पण या खेपेला त्यांच्या पत्नी डोलोरेस म्हणाल्या होत्या, “मलाही यायचंय ना. सोमवारी सकाळी दोघं मिळून निघू.” शनिवारी गावातल्या दुकानांतून पाव आणि दूध नाहीसं झालं होतं, म्हणजे वादळाची बातमी पोरासोरांनाही होती. साहेबांना मात्र नव्हती. ते भाषण पाठ करत होते.

त्यांनी गावाच्या रस्ते खात्याचा मुकादम विनी स्काल्झो याला फोन लावला.

“विनी, बर्फगाडी कुठेय?”

“मेन स्ट्रीटवर, मेयरसाहेब. मग शाळा, मग दवाखाना, मग टेकडी.”

“आणि टॅनरी लेन?”

“शेवटी. उद्या दुपारपर्यंत येतो.”

“उद्या? अरे, मला दोन वाजता राजधानीत उभं राहायचंय!”

“नियम तुमचाच आहे, साहेब. माझ्या डोक्यावर पाटीच लावलीये तुम्ही.”

खरंच लावली होती. साहेबांच्या आधीचा मेयर स्वतःची गल्ली सगळ्यांत आधी साफ करून घ्यायचा. गाव गुडघाभर बर्फात आणि याच्या दारात कोरडा डांबरी रस्ता. लोक चिडले. तेव्हा हुदाक नावाचा विम्याचा एजंट उभा राहिला आणि त्याने एकच घोषणा दिली, ‘मेयरची गल्ली शेवटी!’ निवडून आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने तसा नियम केला. त्यानंतर आजतागायत त्यांच्याविरुद्ध मेयरपदाला कुणी उभंच राहिलं नाही. प्रत्येक निवडणुकीनंतर साहेब गावच्या भोजनात गहिवरून सांगत, “हे माझं यश नाही. हे केसलरव्हिलचं प्रेम आहे.”

“आज एक दिवस नियम बाजूला ठेव,” साहेब म्हणाले.

“पेपरवाला कॅमेरा घेऊन माझ्याच गाडीत बसलाय, साहेब. कॉफी पितोय. बोलू का त्याच्याशी?”

“नको!” साहेब घाईने म्हणाले. “पण विनी, कधी कुणाचा जीवबिव अडकला तर?”

“अडकला होता की. डोलोरेसबाई गेल्या वर्षी घसरून पडल्या, मनगट मोडलं, तेव्हा ॲम्ब्युलन्स कोपऱ्यावरच थांबली. बाईंना आम्ही घसरगाडीवर बसवून ओढत नेलं.”

“घसरगाडीचं मला कुणी बोललं नाही!”

“राजधानीत फोन केला होता. तुमच्या ऑफिसातल्या पोरांनी सांगितलं, तक्रार लेखी द्या.”

आपलेच दात आणि आपलेच ओठ. साहेब गॅरेजमध्ये गेले आणि फावडं शोधू लागले. ते कुठे असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून डोलोरेसबाईंनी आणून दिलं. त्याची मूठ घासून घासून गुळगुळीत झाली होती. साहेबांनी सुटावरच पाच-सात फावडी मारली आणि मग कंबर धरून उभे राहिले. समोरच्या ओट्यावर शेजारीण ग्लोरिया किर्श कॉफीचा मग घेऊन मोठ्या आस्थेने पाहत होती. तिच्या बाजूच्या घरांतूनही पडदे सरकले होते.

“ग्लोरिया,” साहेबांनी हाक मारली, “सगळ्यांनी मिळून हात लावला तर कोपऱ्यापर्यंत वाट होईल!”

“होईल की, मेयरसाहेब. पण रांग मोडून कसं चालेल? आपण शेवटचे.”

“आज माझा सत्कार आहे हो!”

“हो का? माझ्या बारक्याचा जन्म आठवतोय तुम्हाला? नसेलच, तुम्ही राजधानीत होतात. याच ओट्यावर झाला. मार्चातलं वादळ.” असं म्हणून तिने मगातली उरलेली कॉफी बर्फावर ओतली आणि दार लावून घेतलं.

साहेब घरात परतले आणि उपमेयर फ्रँक टोबिनला फोन केला. गावसभेने फोनवरच ठराव करून नियम तेवढा आजच्यापुरता थांबवावा, एवढीच त्यांची मागणी होती.

“एमिल, बाकी काहीही माग,” टोबिन कळवळून म्हणाला. “पण त्या नियमावर तर गाव उभं आहे! उद्या लोक म्हणतील, हुदाक मोठा झाला, त्याला आपली गल्ली दिसायला लागली. तुझी सव्वीस वर्षांची पुण्याई मी माझ्या हाताने कशी बुडवू?”

साहेबांचे डोळे पाणावले. फोन ठेवल्यावर मात्र त्यांनी घड्याळ पाहिलं आणि डोक्याला हात लावला.

डोलोरेसबाई नवा जांभळा कोट घालून, हातमोजे मांडीवर ठेवून, मघापासून खिडकीशी बसल्या होत्या. त्या सहज बोलाव्या तसं म्हणाल्या, “गंमतच आहे नाही? मेयरची गल्ली शेवटी. मेयर नसला तर मग ती नुसती गल्ली.”

साहेब वळले. “काय म्हणालीस?”

“काही नाही. आपलं असंच.”

पण साहेबांच्या डोक्यात दिवा पेटला होता. आत्ता राजीनामा द्यायचा. टोबिन आपोआप मेयर होईल. टॅनरी लेन दवाखान्याच्या मागेच आहे, तेव्हा नंबर लगेच लागेल. संध्याकाळी परत आलं की गावसभा खुर्ची परत देईल. फ्रँकसारखा माणूस नाही थोडाच म्हणणार! राजकारणात लोक उगाच दुसऱ्यांची डोकी वापरतात, असं म्हणत त्यांनी गावच्या चिटणीस बेव्हर्ली यांना दोन ओळींचा ईमेल पाठवला आणि पाठोपाठ फोन केला.

“बेव्ह, मिळालं? लगेच नोंदव आणि विनीला कळव.”

“मिळालं, साहेब. पण ते कलम आहे ना, की एकदा…”

“बेव्ह, कलमं मी करतो. तू नोंदव.”

“पण साहेब…”

“नोंदव म्हटलं ना!”

बेव्हर्लींनी नोंदवलं. कॉफी निवायच्या आत पिवळी बर्फगाडी घरघरत टॅनरी लेनमध्ये शिरली. गल्लीतली सगळी दारं उघडली. लोक गाऊनवर, सपातांवर बाहेर आले. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी नुसतं पाहत राहिलं. हुदाकांची गाडी उकरून काढायला तर ग्लोरियाचा सबंध कुटुंबकबिला फावडी घेऊन धावला.

“पाहिलंस?” साहेब पत्नीला म्हणाले. “शेवटी माया असतेच.”

विनीने काचेतून हात केला. “गुड मॉर्निंग, मिस्टर हुदाक!” सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच तो मेयरसाहेब म्हणाला नव्हता, पण साहेबांना तेव्हा काही खटकलं नाही.

सत्कार झकास झाला. सेनेटच्या अध्यक्षांनी पाटी वाचून दाखवली, ‘दोन्ही पदं एकही दिवस खंड न पडता आजही सांभाळणारे.’ ‘आजही’ या शब्दावर त्यांनी जोर दिला. साहेबांनी विनयाने मान खाली घातली. पहिल्या रांगेत डोलोरेसबाई हातमोज्याचा दोरा ओढत बसल्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांइतक्याच.

संध्याकाळी साहेब पाटी काखोटीला मारून थेट गावसभेच्या दालनात शिरले. आत टोबिन कपाळाला हात लावून बसला होता. साहेबांना पाहताच तो उठून सामोराच आला.

“एमिल, देवासारखा आलास! घे बाबा ही तुझी खुर्ची. सकाळी विनी माझी अर्धी गल्ली साफ करून बसला होता. तुझा ईमेल आला, आणि त्याने तिथूनच गाडी मागे फिरवली. माझं घर उरलेल्या अर्ध्यात! बायको आत घेत नाहीये.”

सभासदांनी एकमुखाने गलका केला. “हुदाक पाहिजेत! हुदाकच पाहिजेत!” साहेबांनी टाय सारखा केला. ते खुर्चीकडे निघाले.

“बसता येणार नाही,” बेव्हर्ली म्हणाल्या.

“का?”

“सकाळी तेच सांगत होते. एका खुर्चीवरून उठलं की दोन्ही पुन्हा एकत्र मिळत नाहीत. मेयर व्हायचं तर सेनेट सोडा. तुमचंच कलम आहे, साहेब. फार घट्ट लिहिलंय. मी दुपारभर वाचलं, कुठे बोट शिरत नाही.”

साहेब मटकन बाकावर बसले. सेनेटची खुर्ची म्हणजे राजधानी, हॉटेल, मान. ती सोडवत नव्हती. “असो,” ते जड आवाजात म्हणाले. “माझ्यानंतर ही जागा घ्यायला पुष्कळ जण टपले असतील.”

सभासद एकमेकांकडे बघू लागले. मग एकेकाला कंठ फुटला. एकाच्या गल्लीला चढ होता. दुसऱ्याची आई आजारी होती. तिसऱ्याने तर सरळ सांगितलं, “माझ्या शेजाऱ्यांनी मागच्याच निवडणुकीत दम दिलाय. मेयरला उभा राहिलास तर घर विकून जा.”

“मग तो नियमच रद्द करा ना,” बेव्हर्ली म्हणाल्या.

“मी करू?” टोबिन ओरडला. “मेयर होऊन एक दिवस नाही झाला आणि स्वतःच्या गल्लीसाठी नियम मोडला, असं उद्या छापून येईल!”

साहेब हळूहळू एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते. “म्हणजे इतकी वर्षं माझ्याविरुद्ध जे कुणी उभं राहिलं नाही, ते…”

कुणी वर पाहिना. बेव्हर्ली यांना मात्र राहवलं नाही. त्या त्यांच्याजवळ येऊन बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “लोकांना तुम्ही आवडता, साहेब. अगदी मनापासून. फक्त बर्फ नाही आवडत.”

घरी परतताना टॅनरी लेन काळी कुळकुळीत होती. सुंठीवाचून गल्लीचा खोकला गेला होता. पायरीवर ग्लोरियाने घरी भाजलेला ॲपल पाय ठेवला होता आणि तो अजून कोमट होता. साहेबांनी पाटी टेबलावर उपडी ठेवली. त्यांना फार एकटं वाटत होतं.

“डोलोरेस,” ते म्हणाले, “ते कलम. माझ्या डोक्यातून गेलं ते गेलंच. पण सबंध सकाळभर कुणालाच कसं आठवलं नाही?”

डोलोरेसबाई सुरीने ॲपल पाय कापत होत्या. “मला आठवत होतं की.”

“तुला?”

“तूच तर त्या कलमावरचं भाषण तेव्हा महिनाभर जेवताना म्हणून दाखवत होतास. वाटाण्यांच्या वाडग्यावर चमचा आपटून. ‘एकदा उठला, की उठला!’ मला तोंडपाठ आहे, एमिल.”

साहेबांनी खुर्ची ओढून घेतली. त्यांना रविवारचं हॉटेल आठवलं, शनिवारी गायब झालेला पाव आठवला, आणि मग पत्नीचं ते मनगट दिसलं. सुरी धरताना ते अजूनही जरासं वाकडं वळत होतं.

डोलोरेसबाईंनी ॲपल पायचा मोठा तुकडा त्यांच्या बशीत वाढला. मग दारामागचं फावडं उचलून त्यांच्या हातात दिलं.

“गाडी गेली की दारासमोर बर्फाचा बांध पडतो. दर वेळी पडतो, तुला माहीत नसेल. तेवढा काढून ये, तोवर चहा टाकते.”

मिस्टर हुदाक कोट घालून बाहेर गेले.