व्याहीबुवा आणि खोटं बोलणारी गाडी

आमचे व्याहीबुवा गाडीशी भांडतात. रस्त्यावरच्या इतर गाडीवाल्यांशी नव्हे, ते तर सगळेच भांडतात. हे स्वतःच्या गाडीशी भांडतात, आणि तेही तिच्या तोंडावर. स्टीअरिंगमागच्या काचेत एक आकडा उजळलेला असतो. एका लिटरमध्ये गाडी सरासरी किती किलोमीटर धावते, त्याचा. सिग्नलला थांबलं की व्याहीबुवा चष्मा कपाळावर चढवतात, त्या आकड्याकडे रोखून बघतात आणि म्हणतात, "सतरा पॉइंट चार! काही लाज?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, मलाच म्हणतायत. कारण थोड्या वेळापूर्वी मी त्यांना माझं वजन सांगितलं होतं.

त्यांच्या गाडीत बसायचं तर वजन सांगावं लागतं. फार अदबीने विचारतात. "विहीणबाई, विचारणं बरं दिसत नाही, पण हिशोबासाठी..." मी दहाएक किलो कमी सांगते. गाडीतली खोटं बोलणारी वस्तू एकच असावी, असा काही नियम नाही.

हे माझ्या मुलीचे, अनघाचे सासरे. जन्मभर मालवाहू जहाजांवर इंजिनिअर, शेवटी चीफ इंजिनिअर. नंतर सिंगापुरात सेम्बावांगच्या गोदीत जहाजांच्या दुरुस्तीवर देखरेख करायची नोकरी मिळाली आणि तिथेच जवळ फ्लॅट घेऊन राहिले. गोदीतली नोकरी संपली, फ्लॅट राहिला, आणि गाडी राहिली. अनघा आणि जावई नितीन यिशुनला, म्हणजे अगदी शेजारी. मी वर्षातले बरेच महिने त्यांच्याकडे असते, आणि उरलेले महिने साताऱ्यात त्यांच्याविषयी लोकांना सांगत असते.

जहाजावर म्हणे इंधनाच्या टाकीचा काटा काहीही दाखवू दे, त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. टोकाला वजन लावलेली टेप टाकीत सोडायची, ती किती ओली झाली ते बघायचं, आणि मगच बोलायचं. याला ते साउंडिंग म्हणतात. व्याहीबुवांनी बोट सोडली, साउंडिंग सोडलं नाही. अनघा म्हणाली, तांदूळ संपत आलेत, की हे विचारणार, "साउंडिंग घेतलंस?" मी म्हटलं, गुडघा आता बराय, की, "विहीणबाई, साउंडिंग घेतलंत का? जिना चढून बघा, मग बोला." नितीनच्या लग्नाआधी मुलगी पसंत आहे का विचारायला आम्ही फोन केला, तेव्हाही ते बोटीवरून ओरडून हेच म्हणाले होते. लाइन खराब होती म्हणून बरं, नाहीतर हे लग्न तिथेच मोडलं असतं.

तर गाडीच्या टाकीचं साउंडिंग असं. पंप ठरलेला. त्या पंपावरची जागाही ठरलेली, कारण बाकीच्या जागी जमिनीला उतार आहे आणि उतारावर टाकी चकवते. पेट्रोल भरताना नळीचा पहिला खटका वाजला की थांबायचं. तिथे काम करणारी चिनी बाई आता त्यांना ओळखते आणि मुद्दाम छळते. "अंकल, स्टिल गॉट स्पेस लाह! फिल सम मोअर?"

"नो! फर्स्ट क्लिक, फिनिश!" व्याहीबुवा हात आडवा धरून ओरडतात. जणू ती त्यांच्या ताटात जबरदस्तीने पुरणपोळी वाढतेय.

मग मागच्या खेपेपासून गाडी किती धावली ते बघायचं, आत्ता किती लिटर मावलं त्याने भागायचं. डोळे मिटून, ओठ हलवत, भर पंपावर. मागे गाड्यांची रांग. भागाकार झाला की डोळे उघडतात आणि गाडीच्या टपावर थाप मारून म्हणतात, "सापडलीस!" कारण काचेतला आकडा नेहमी जास्त असतो आणि टाकीतून निघालेला नेहमी कमी.

"असं का होतं हो?" असं मी एकदा विचारून बसले. त्या दिवशी भाजी आणायला निघालो होतो, ती आणायची राहिली. "गाडी पेट्रोल मोजत नाही, विहीणबाई. पेट्रोल सोडायचं तोंड किती वेळ उघडलं त्यावरून ती अंदाज करते. अंदाज करणं गुन्हा नाही. पण नेहमी स्वतःच्याच बाजूने करते, हा गुन्हा. त्यात आपलं जाणं-येणं कसं? बाजारापर्यंत आणि परत. इंजिन तापेपर्यंत घर येतं. दर चौकात सिग्नल. शाळेच्या दाराशी एसी लावून उभं राहायचं. अशा चालवण्याचा आकडा वेगळा आणि कंपनीच्या पत्रकातला वेगळा." तरी एसी बंद करून आकडा वाढवणं त्यांना मंजूर नाही. रोजचं मोजायचं तर रोजच्यासारखंच चालवायचं. फक्त त्यांचं रोजचं चालवणं असं आहे की मांडाई रोडवर आम्हाला एकदा एका सायकलवाल्या आजोबांनी मागे टाकलं, आणि वळून हातसुद्धा केला.

गाडी अशी हळुवार चालवली की काचेत एक हिरवं पान उगवतं. मी विचारलं, "तुळस की पिंपळ?" ते गंभीरपणे म्हणाले, "मार्केटिंग."

मी हसते खरी, पण एके काळी मी याच आकड्याच्या स्वप्नात होते. लग्न झालं तेव्हा मी बी.ए. होते, शाळेत गणित शिकवत होते आणि जगातलं सगळं मला कळत होतं. ह्यांच्याकडे स्कूटर होती. तिला पेट्रोलचा काटा नव्हता. हे स्कूटर डावीकडे झुकवायचे, गदागदा हलवायचे आणि कान लावून ऐकायचे. आत डुचमळल्याचा आवाज आला तर निघायचं. एकदा माझ्या मैत्रिणीच्या लग्नाच्या मांडवासमोर, सिल्कचा झब्बा घालून, सगळ्या वऱ्हाडासमोर त्यांनी हे केलं. मी दहा पावलं लांब जाऊन, आपण दुसऱ्याच कोणाची तरी बायको आहोत अशा चेहऱ्याने उभी राहिले. मनात म्हणत होते, एक दिवस माझी मोटार असेल, तिच्यात दिवे लागतील, आकडे दिसतील, आणि कोणालाही कशाला कान लावावा लागणार नाही. काय ती ठमाकाकू! मोटार मिळाली, दिवे लागतात, आकडे दिसतात, वर गार वारा येतो. आणि कान लावणारा माणूस जाऊन आता बरीच वर्षं झाली. सेम्बावांगच्या रस्त्यावर कधी कधी मला उगीचच कोणीतरी काहीतरी हलवल्यासारखं वाटतं.

असो. मुद्दा गाडीचा.

सिंगापुरात गाडी ठेवायचा परवाना दहा वर्षांचा असतो. तो संपला की पुन्हा भरपूर पैसे मोजून वाढवायचा, नाहीतर गाडी मोडीत. व्याहीबुवांच्या गाडीचा परवाना या महिनाअखेरीस संपतोय. नितीनचं म्हणणं, आता पुरे. घराखाली बस आहे, एमआरटी, म्हणजे मेट्रो, जवळ आहे, वय झालंय. नात तर म्हणाली, "आजोबा, जस्ट टेक ग्रॅब लाह!" म्हणजे फोनवरून टॅक्सी मागवा. व्याहीबुवा कोणालाच काही बोलले नाहीत. बोलत नाहीत म्हणूनच सगळे घाबरले.

"आई, तू सांग त्यांना," अनघा म्हणाली. "तुझं ऐकतात ते."

"माझं? मला ते स्वतःचं वजनसुद्धा खरं सांगणारी समजत नाहीत."

"ते बरोबरच आहे. पण रविवारी ते तुला चांगीला समुद्रावर फिरायला नेतायत ना, तेव्हा हळूच विषय काढ. गाडी आनंदाने सोडली पाहिजे त्यांनी. नितीनने हिसकावून घेतली असं नको वाटायला."

म्हणून त्या रविवारी मी गाडीत बसले ती कामगिरीवर. टाकी शनिवारीच खटक्यापर्यंत भरून ठेवलेली होती. "आज शेवटची चाचणी," ते पट्टा लावताना म्हणाले. "तुम्ही साक्षीदार." आणि मग एक विनंती केली. "दर सिग्नलला आकडा मोठ्याने वाचाल?"

मी वाचत गेले. सोळा पॉइंट नऊ. सतरा. सतरा पॉइंट तीन. दर वेळी ते म्हणायचे, "खोटं," पण आज आवाजात दम नव्हता. मी दोनदा विषय काढायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा सिग्नल आला.

चांगीला हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मोठ्या मंडपात, मला बसवून ते कॉफी आणायला गेले. येताना ट्रेमध्ये त्यांची काळी, बिनसाखरेची कोपी (इथे कॉफीला असंच म्हणतात) होती आणि दुसऱ्या कपात दाट दुधाचा गोड चहा. मी चहा घेत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. त्यांनी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सवय," म्हणाले, आणि माझ्यासाठी पुन्हा कॉफीच्या रांगेत जाऊन उभे राहिले. चहा तसाच गार झाला. मालतीताईंना, आमच्या विहीणबाईंना, जाऊन दोन पावसाळे झाले. इथे पावसाळा वेगळा असा नसतोच, तरी आम्ही तसंच मोजतो.

मी तिथेही विषय काढला नाही.

परत येताना सरळ पंपावर. ठरलेली जागा. पहिला खटका. चिनी बाईने आज न छळता नळी काढून घेतली. व्याहीबुवांनी डोळे मिटले, ओठ हलवले, डोळे उघडले. टपावर थाप मारली नाही.

"सोळा पॉइंट दोन," आत बसत ते म्हणाले. "ती म्हणते सतरा पॉइंट चार. तुम्ही पाहिलंत. सिद्ध झालं." मग पंपाच्या कडेला गाडी लावून इंजिन बंद केलं. "आता नितीनला सांगा, गाडी ने. तुम्हाला त्यासाठीच पाठवलंय ना?"

मी ओशाळले. "कळलं होतं तुम्हाला?"

"तुम्ही सकाळपासून एकदाही माझी टिंगल केली नाहीत. तेव्हाच कळलं." मग म्हणाले, "गाडी किती खोटं बोलते ते मला पहिल्या महिन्यातच समजलं होतं, विहीणबाई. दर वेळी साधारण तेवढंच. तेवढं वजा करायचं, संपलं. रोज मोजायची काय गरज?"

"मग एवढी वर्षं मोजत का होतात?"

"मालतीला पटायचं नाही." पहिल्यांदाच ते हसले. "तिचा गाडीवर विश्वास. इथे शेजारी बसून आकडा वाचायची, वर स्वतःचं थोडं घालून वाचायची. मी टाकीचा हिशोब सांगितला की म्हणायची, एका टाकीवरून काय ठरतं? आज ट्रॅफिक होतं. आज पाऊस होता. आज तुम्ही चिडून चालवलीत. परत मोजा. मग पुढच्या रविवारी परत. कधी चांगी, कधी चोआ चू कांगच्या पलीकडे शेतांकडे. जन्मभर मी बोटीवर आणि ती रत्नागिरीत दाराकडे बघत. इथे आल्यावर कुठे शेजारी बसायला मिळालं. तिला काय, भागाकार येत नव्हता? बँकेत होती ती."

त्यांनी समोरच्या काचेवरची धूळ बोटाने पुसली.

"आता मी आकडा सांगितला की नितीन म्हणतो, हो बाबा. अनघा म्हणते, बरोबर आहे बाबा. सगळे हो म्हणतात. हो म्हटल्यावर पुढे काय करायचं असतं, सांगा?"

समोर काचेत किल्लीबरोबर आकडाही विझला होता. त्या काळ्या काचेकडे बघता बघता माझ्यातली जुनी गणिताची मास्तरीण जागी झाली. वर्गात मुलं बरोबर उत्तर काढून आली की मला हटकून एक शंका यायची.

"व्याहीबुवा, लिटर तुम्ही पंपावर मोजलेत. मान्य. आणि किलोमीटर?"

"किलोमीटर काय? हे काय, गाडीत दिसतात ना."

"कुठल्या गाडीत?"

"ह्याच..." ते थांबले.

"म्हणजे जी बाई पेट्रोलचं खोटं सांगते, तिने सांगितलेल्या अंतरावर तुम्ही एवढी वर्षं डोळे मिटून भागाकार केलात? मला नाही पटलं. ही चाचणी रद्द."

व्याहीबुवांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. स्टीअरिंगवर बोटं वाजवली. मागून कोणीतरी हॉर्न दिला, तो त्यांना ऐकू गेला नाही.

"चाकाच्या फेऱ्या मोजते ती," ते स्वतःशीच म्हणाले. "टायर झिजला की घेर कमी होतो. घेर कमी झाला की फेऱ्या वाढतात. म्हणजे अंतरही फुगवून सांगत असणार... म्हणजे सोळा पॉइंट दोनसुद्धा..." ते माझ्याकडे वळले. डोळे असे चमकत होते की मी नजर खिडकीबाहेर नेली. "विहीणबाई! हे मालतीच्याही लक्षात आलं नव्हतं!"

"आलं असेल. राखून ठेवलं असेल."

त्यांनी पट्टा परत लावला. मग गाडी सुरू केली आणि यिशुनपर्यंत मला टायर या विषयावर इतकं ऐकवलं की हिरवं पान उगवलं कधी आणि गेलं कधी, ते दोघांनाही कळलं नाही.

दार अनघानेच उघडलं. मागे नितीन उभा. तिने आवाज खाली आणून विचारलं, "काढलास विषय?"

"काढला."

"मग? काय म्हणाले बाबा?"

मी चपला काढल्या, पाणी मागितलं, सावकाश प्याले.

"उद्या गाडीला नवे टायर घालायला जातायत," मी म्हटलं. "मला बरोबर बोलावलंय."