मर्ल टिडवेलची गुप्त जागा

"दोन्ही बॅटऱ्या घेतल्यास ना?" नेल्डाने स्वयंपाकघरातून विचारलं.

"घेतल्या गं," मर्ल टिडवेल म्हणाला आणि ट्रकला बोट जोडून निघाला. इंजिनाची तेवढी बोटीत होती. दिव्यांची गॅरेजात चार्जिंगला राहिली होती. हे त्याला कळलं तेव्हा तो पार तलावाच्या पलीकडच्या टोकाला पोचला होता आणि अंधार पडला होता.

पण परतणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी चर्चच्या अंगणात तळलेल्या माशांचं जेवण होतं आणि मासे आणायचे मर्लनेच. क्रॅपी मासे पकडावेत तर मर्लनेच, असं गावात सगळे म्हणत. मर्लही म्हणे. कुठे मिळतात विचारलं, की तो सांगे, "धरणाच्या भिंतीपाशी," आणि स्वतः गुपचूप लाल कड्यामागच्या खाचेत जाऊन बसे. बायको ग्लेनिस वारल्यापासून एकटा असलेला शेजारचा ओरेन पिकार्ड तर बिचारा वर्षानुवर्षं भिंतीपाशी बसून रिकामी बादली घेऊन घरी येत होता. मर्ल त्याला दोन मासे नेऊन द्यायचा आणि आपलं मन किती मोठं आहे याचं स्वतःलाच कौतुक वाटायचं.

तर मर्लने इंजिनाच्याच बॅटरीला हिरवे दिवे जोडले आणि पाण्यात सोडले. उजेडाला बारीक मासळी जमली, तिच्यामागून क्रॅपी आले. क्रॅपीचा ओठ फार नाजूक, झटका दिला की फाटतो. मर्ल हळूच दोरी उचलत होता, गाणं गुणगुणत होता. नेहमीप्रमाणे गळाला एक चंदेरी झिरमिळी अडकून आली. लोक तलावात काय वाट्टेल ते टाकतात, असं पुटपुटत त्याने ती झटकली, ती त्याच्याच बाहीला चिकटली.

बर्फाची पेटी माशांनी भरली आणि दिवे पिवळे पडून विझले. किल्ली फिरवली तर इंजिन नुसतं टक् करून गप्प. कड्यांमध्ये फोन लागत नव्हता. त्यात ॲरिझोनातला जून महिना, रात्रीसुद्धा बर्फ भराभर वितळत होता. सकाळपर्यंत इथेच राहिलो तर मासे नासणार आणि उद्या अख्खं गाव रिकाम्या ताटांपुढे बसणार, हे त्याला दिसू लागलं.

तेवढ्यात एका बोटीचा आवाज आला. ओरेनची बोट. हाक मारली तर जागा जाणार, नाही मारली तर मासे जाणार. मर्लला काही सुचेना. तो सरळ बोटीत आडवा झाला. कोपर आमिषाच्या बादलीला लागलं आणि जिवंत मासळी सगळी त्याच्या शर्टात शिरली. मर्ल किंचाळला.

ओरेनने टॉर्च मारला. "कोण रे? मर्ल?"

"मीच. भिंतीपाशी होतो. बॅटरी गेली, वाहत वाहत इकडे आलो बघ."

टॉर्चचा उजेड ताणलेल्या दोरावर थांबला. "नांगर टाकून?"

मर्ल शर्टातली मासळी काढू लागला.

"बरं, नांगर जपून काढ," ओरेन म्हणाला. "खाली झाडं आहेत, अडकेल."

"तुला काय माहीत?"

"मीच बुडवलीत की. दर वर्षी ख्रिसमस झाला, की झाडाला सिमेंटचा ठोकळा बांधून इथे सोडतो. झाडं असली की क्रॅपी राहतात. ग्लेनिस होती तेव्हा तीही यायची. झाडावरच्या झिरमिळ्या काढायचा तिला भारी कंटाळा."

मर्लने बाही पाठीमागे लपवली. "मग तू इथे का बसत नाहीस?"

"बसायचो. एकदा आलो तर तू आधीच बसलेला. मजेत गाणं म्हणत होतास. दुसऱ्या दिवशी विचारलं तर तू भिंत सांगितलीस. म्हटलं, याला आपण तिथे गेलेलं हवंय. मग जायला लागलो."

"आणि मी द्यायचो ते दोन मासे?"

"चांगले असायचे रे," ओरेन म्हणाला आणि दोर बांधायला लागला.

बोटीच्या तळाचं बूच काढावं आणि इथेच बुडून जावं, असं मर्लला वाटलं. किनाऱ्यापर्यंत ओरेन त्याला ओढत नेत होता आणि मर्ल मागे मान खाली घालून बसला होता. इतकी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी जेवणं रंगात आली असताना तो उभा राहिला. "काय झालं, दात दुखतोय का?" नेल्डाने विचारलं. मर्ल खणखणीत आवाजात म्हणाला, "हे मासे भिंतीपाशी मिळत नाहीत. लाल कड्यामागे मिळतात. तिथे पाण्यात झाडं ओरेनने बुडवलीत. मी इतकी वर्षं तुम्हाला खोटं सांगितलं."

मग हशा असा उसळला की काही विचारू नका.

"काय नाटकी माणूस आहे," कोणीतरी डोळे पुसत म्हणालं. "आपल्याला भिंतीपासून हटवायला बघतोय. लाल कड्याकडे चुकूनही जाऊ नका रे."

त्या रात्री झाडून सगळ्या बोटी धरणाच्या भिंतीपाशी दाटीवाटीने उभ्या होत्या. लाल कड्यामागे फक्त मर्ल होता. बऱ्याच उशिराने ओरेनची बोट आली.

"इतका वेळ कुठे होतास?" मर्लने विचारलं.

ओरेनने टोपी काढून डोकं खाजवलं. "भिंतीपाशी," तो म्हणाला. "तू खरं सांगितलंस म्हटल्यावर मलाही जरा शंका आली रे."

मर्लने आपली बोट सरकवून त्याच्या बोटीला जागा करून दिली.