मोकलकाकांची एकच चूल

मोकलकाकांच्या दाराची बेल वाजवली की आतून "कोण आहे?" असं कुणी विचारत नाही. आतून आकडा येतो.

"एकशे सदुसष्ट!"

मग स्वयंपाकघरातून काकू ओरडतात, "थांब गं जरा, दोनशेला उघडतील." आपण वाटी हातात धरून जिन्यात उभं राहायचं. अंबरनाथच्या आमच्या इमारतीत याची सगळ्यांना सवय आहे. एकदा मात्र एक पार्सलवाला बाहेरून ओटीपी मागत होता आणि काका आतून "एकशे नव्वद, एकशे एक्क्याण्णव" करत होते. तो बिचारा प्रत्येक आकडा मोबाइलमध्ये टाकून बघत होता.

काका तारेचे वेढे मोजत असतात. एमआयडीसीतल्या कारखान्यात जन्मभर मोटारींचं वाइंडिंग केलं, निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात, म्हणून स्पीकर बनवायला घेतले. खोक्यात एक मोठा स्पीकर असतो, तो मृदंगाचा जाड आवाज काढतो, आणि एक छोटा, तो टाळांचा बारीक. कुणाला कुठला आवाज द्यायचा ही वाटणी करणारा भाग म्हणजे क्रॉसओव्हर. काकांचा क्रॉसओव्हर खोक्याच्या आतच असतो. हाताने गुंडाळलेली तांब्याची कॉइल आणि कपॅसिटर, बस. याला पॅसिव्ह म्हणतात. दुसरा प्रकार अ‍ॅक्टिव्ह. त्यात वाटणी आधीच बाहेर होते आणि मग प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर द्यावा लागतो. हे सगळं मला इच्छा नसताना ठाऊक आहे, कारण मी एकदा त्यांच्याकडे साखर मागायला गेले होते.

"वेगळ्या चुली मांडायचं काम ते!" काका म्हणाले. "आपल्या घरात एकच चूल. एक अ‍ॅम्प्लिफायर, त्यावर सगळ्यांचं जेवण."

"आणि वाटणी चुकली तर?"

"मोकलचं वाइंडिंग चुकत नाही."

"भाजी आणायला विसरले तरी हेच म्हणतात," आतून काकू.

माझ्या बहिणीचं लग्न बदलापूरच्या एका हॉलमध्ये होतं. काका अक्षता हातात घेऊन थेट डीजेच्या भिंतीएवढ्या स्पीकरांकडे गेले आणि कान लावून उभे राहिले. डीजे म्हणाला, "काका, एक्टिव है, डिजिटल है, बाजूला व्हा ना." काका म्हणाले, "चार चुली मांडल्यास आणि भात कच्चा!" तेवढ्यात मंगलाष्टकं संपली. त्यांच्या सगळ्या अक्षता डीजेच्या डोक्यावर पडल्या.

त्यांचा खरा वैरी उल्हासनगरला, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात. हरीशसेठ. तांब्याची तार आणायला काका वर्षानुवर्षं तिथेच जातात आणि सेठ दर वेळी एक अ‍ॅक्टिव्ह क्रॉसओव्हर काउंटरवर ठेवतो. "साईं, एक बार ले जाओ." "माझ्या घरात? मी मेल्यावर!"

काकू भजनी मंडळात टाळ वाजवतात. मंडळाचं रेकॉर्डिंग रोज संध्याकाळी सहाला त्या स्पीकरवर लागतं. गेल्या दिवाळीनंतर एके दिवशी काकू म्हणाल्या, "यातले टाळ कुठे गेले हो?"

"आहेत की."

"नाहीत. तुमच्या डब्यात काहीतरी बिघडलंय."

मोकलच्या डब्यात बिघाड! काकांनी त्याच दिवशी खोका उघडला. छोटा स्पीकर बदलला, नवा कपॅसिटर घातला, कॉइल पुन्हा गुंडाळली. आठवडाभर जिन्यात आकडेच आकडे. काकूंचं एकच, टाळ नाहीत. शेवटी काकू देवळात गेलेल्या बघून त्यांनी मला बोलावलं.

"नीट ऐक. टाळ आहेत की नाहीत?"

"आहेत की काका, चांगले खणखणीत."

मला वाटलं, खूश होतील. ते खुर्चीत बसले आणि हातातला पेचकस फिरवत राहिले.

"म्हणजे डब्यात खोट नाही," ते म्हणाले.

मी काकूंना कानाच्या डॉक्टरांकडे न्यायचं सुचवलं. काका म्हणाले, "हिच्या बहिणीला कानाचं यंत्र बसवलं तेव्हा हिनेच तिची किती टिंगल केली. आता स्वतः लावेल? आधी मंडळ सोडेल. ऐकू येत नाही, ताल चुकेल, म्हणून घरात बसेल. तिला दुसरं आहे काय गं?"

त्या रविवारी मला उल्हासनगरला जायचंच होतं, काका माझ्याबरोबर आले. हरीशसेठच्या काउंटरवर हात ठेवून म्हणाले, "ते दे. अ‍ॅक्टिव्ह. आणि अजून एक अ‍ॅम्प्लिफायर."

सेठने चष्मा वर केला. "साईं, तबियत ठीक है ना?"

"माझ्या पद्धतीत बारीक आवाज कमी करता येतो, वाढवता येत नाही. यात त्याचं वेगळं बटण आहे. रोज थोडं फिरवता येईल."

इतक्या वर्षांनी तो माणूस जिंकला होता. तरी वायरी त्याने स्वतः बांधून दिल्या.

सोमवारी सहाला टाळ वाजले आणि मला वाटलं, कुणीतरी ताटल्यांची मांडणीच पाडली. वरच्या मजल्यावरचे खाली आले, खालचे वर. काकू दारात उभ्या, चेहरा उजळलेला.

"आले की नाही टाळ? तरी मी म्हणत होते, यांच्याच डब्यात खोट होती!"

सगळे काकांकडे बघायला लागले. आता भांडण होणार, असं मला वाटलं.

"हो," काका म्हणाले. "माझंच वाइंडिंग चुकलं होतं."

मी साखर न मागताच घरी आले.

काकू अजून मंडळात जातात. काकांनी वाइंडिंग मात्र सोडलं. परवा मी बेल दाबली, चांगली कर्कश वाजली, आणि आकडा न येता दार उघडलं.

आतून काकू म्हणाल्या, "कोण आलंय? बेल कशी वाजली नाही?"

काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "बिघडलीय गं. उद्या उघडून बघतो."